झाकण्याआधी ठोकून पाहा



मी पंचायत समितीत शेतीचा विस्तार अधिकारी आहे. बी.एस्सी. कृषी झालो आणि जवळजवळ सारी नोकरी गावोगाव एकच पाढा म्हणण्यात गेली. माती तपासा, बियाण्याची उगवण तपासा, आणि मगच पेरा. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवा, किती मोडावले ते मोजा, सत्तराच्या आत असतील तर त्या बियाण्यावर विसंबू नका, हे मी इतक्या ओट्यांवर सांगितले आहे की काही गावांत पोरे मला लांबून पाहिले तरी म्हणतात, "शंभर दाणेवाले सायेब आले."

आज मात्र पिकाचे काही सांगणार नाही. माकणीच्या आमच्या घराच्या माडीविषयी सांगणार आहे. दुसऱ्याला तपासा म्हणणारा माणूस स्वतःच्या घरात काय करतो, ते तुम्हाला कळावे म्हणून.

आमचे घर जुन्या बांधणीचे, खणांचे. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवे सर आणि सरांवर फळ्या. फळ्यांवर लिंबाचा पाला आणि चार बोटे पांढरी माती, वर शेणाचा सडा. ही झाली माडीची जमीन. माडीच्या वर पूर्वी माळवद होते. माळवद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, रात्री अंथरूण टाकायला मोकळे. दर वर्षी पावसाआधी गळू नये म्हणून वर चार पाट्या माती टाकायची. आज्याने टाकली, पणज्याने टाकली. जुनी काढायची कुणी नाही. होता होता थर दीड फुटावर गेलेला.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातला कुणी विसरणार नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा परभणीला शेवटच्या वर्षाला होतो. मिळेल त्या गाडीने गावी आलो. किल्लारी, सास्तूर या बाजूची गावे मातीच्या ढिगासारखी पडलेली. हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरची माळवदे खाली बसली. पुढे मी हिशेब केला. एक घनफूट माती पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे ऐंशी ते नव्वद क्विंटल ओझे. तेवढे ओझे माणसे डोक्यावर घेऊन झोपत होती आणि कुणाला त्याचे काही वाटत नव्हते, कारण ते पाहायची सवयच नव्हती.

आमच्या भिंती फुटल्या, पण खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. माणसे वाचली. त्यानंतर सरकारी अभियंते गावोगाव सांगत फिरले, माळवदाची माती कमी करा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार द्या. आमच्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, माळवदच उतरवून टाकले आणि वर पत्रे घातले. भिंती विटांच्या केल्या. माडीची जमीन मात्र तशीच ठेवली.

त्या दिवसापासून दादांना एक सवय लागली. दर उन्हाळ्यात ते हातात बाभळीचा सोटा घेऊन खालच्या खोलीत फिरायचे आणि एकेक तुळई, एकेक सर ठोकून पाहायचे. धड लाकूड टणटण बोलते. आतून पोकळ झालेले बद्द वाजते. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे ते दोनदा ठोकायचे. "लाकूड मदी मरत न्हाई, टोकाला मरतंय," असे म्हणायचे. मी हसायचो. दादा गेले आणि सोटा कोपऱ्यात उभा राहिला.

आता माझी चूक सांगतो. दहा वर्षांपूर्वी लेकीचे लग्न ठरले. पाहुणे माडीवर उतरणार. शेणाची जमीन कशी दिसेल, फटीतून खालच्या खोलीत माती गळते, असा घरात सूर निघाला. मी बाजारातून फुलांच्या नक्षीची प्लॅस्टिकची जाड चटई आणली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरून कडेला पट्ट्या ठोकल्या. अर्ध्या दिवसात काम झाले. सगळ्यांनी वाहवा केली. शेण सारवायचे कष्ट गेले म्हणून बायकाही खूष. आई तेवढी म्हणाली, "आरं, जमिनीला वारा नगं का?" मी तिला प्लॅस्टिकचे फायदे समजावून सांगितले.

आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते आणि माझे नव्हते. सारवलेली माती ओल घेते आणि सोडतेही. पत्र्यातून चार थेंब गळले तर तिथे काळा डाग दिसतो, माणूस वर पाहतो, पत्रा नीट करतो. जमीन दोन दिवसांत सुकते. प्लॅस्टिक टाकले की पाणी कडेने आत जाते, पण वाफ होऊन बाहेर येत नाही. डागही दिसत नाही. माती ओली, खाली पाला ओला, त्याखाली फळी ओली. अशा उबदार, अंधाऱ्या, ओल्या जागी काय येते हे शेतीखात्यातल्या माणसाला तरी माहीत असायला हवे होते.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मुलगा पुण्याहून विनाईलच्या फरशांची खोकी घेऊन आला. लाकडासारखी नक्षी, दोन-तीन मिलिमीटर जाडी, मागून डिंक लावून चिकटवायच्या. सूनबाई माहेरी बाळंत झाली होती, पंधरा दिवसांनी नातवाला घेऊन येणार होती. माडी त्यांच्यासाठी नटवायची आणि खालच्या खोलीत, मधल्या तुळईच्या लोखंडी कडीला पाळणा टांगायचा. त्याच कडीला माझा पाळणा होता, माझ्या मुलांचाही होता.

गावातले म्हातारे सुतारमामा कामाला आले. चपला काढून माडीवर चढले, टाचा आपटत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि एका कोपऱ्यात थांबले.

"भाऊसाहेब, हितं जमीन लवतीय. आदी वरचं सगळं काडा."

मी म्हटले, "मामा, एवढ्याने काय होते? वरून प्लायवूड मारू. सगळे झाकून जाईल."

मामा म्हणाले, "झाकून जाईल. पर जाईल कुटं?"

मला राग आला. पंधरा दिवसांचा हिशेब डोक्यात होता. पण मामा हत्यारांची पिशवी उघडायलाच तयार होईनात. शेवटी पट्ट्या उपटल्या, चटई गुंडाळली. वास आला तो बंद पडलेल्या पेवासारखा. माती कोपऱ्यात काळी ठिक्कर. माती भरून काढली, तर पाल्याचा चिखल झालेला आणि फळ्यांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या. मामांनी पेचकस घेतला आणि मधल्या तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

मी खाली येऊन त्या कडीकडे पाहत उभा राहिलो. वरून तुळई रंगवलेली, गुळगुळीत, सरळसोट. कुणालाही वाटले असते की शंभर वर्षे काही होत नाही. आई गेली सहा वर्षे त्याच तुळईखाली झोपत होती. ती काही बोलली नाही. उठली, कोपऱ्यातला दादांचा सोटा आणला आणि माझ्या हातात दिला.

त्या दिवशी मी सगळे घर ठोकले. बाकीच्या तुळया टणटण बोलल्या. एक सर आणि चार फळ्या बद्द बोलल्या. सूनबाईला निरोप धाडला, एक महिना उशिरा ये.

मग काम रीतीने केले. तुमच्याकडेही जुन्या वाड्याची माडी असेल, पोरे शहरातून अशाच फरशा आणत असतील, म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

पहिले काम पाण्याचे. पत्र्याचा जोड गळत होता तो आधी बंद केला. पाणी येणे थांबवल्याशिवाय लाकडाला हात लावण्यात अर्थ नाही.

दुसरे काम ओझ्याचे. माडीची खोली दहा बाय बाराची. चार बोटांचा थर वाढत वाढत चार इंच झालेला. चाळीस घनफूट माती, म्हणजे अठरा ते वीस क्विंटल. ती सगळी पाट्यांनी खाली उतरवली आणि पुन्हा वर नेली नाही. मात्र माती काढण्याआधी खालून तुळईला दोन ठिकाणी टेकू दिले. कुजलेल्या लाकडावर उभे राहून घाव घालू नका.

तिसरे काम लाकडाचे. तुळईचे सडलेले टोक धड लाकूड लागेपर्यंत कापले. भिंतीलगत नवा खांब उभा केला, त्याखाली दगडी उथळा बसवला म्हणजे खांबाचा पाय ओलीपासून वर राहतो, आणि तुळई त्या खांबावर घेतली. दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळली. टोक पुन्हा सिमेंटात पुरले नाही, भोवती बोटभर जागा वाऱ्याला ठेवली. खराब सर आणि फळ्या बदलल्या. नव्या लाकडात आतला गाभा घ्यावा. बाहेरचा पांढरट भाग वाळवी आधी खाते, मग ते सागवान का असेना.

वाळवीविषयी एक कळकळीची सूचना. शेतातले उरलेले औषध घरात ओतू नका. त्याच खोलीत लेकरे रांगणार आहेत. घराच्या लाकडासाठी शिफारस असलेले औषधच घ्या, बाटलीवरची पट्टी वाचा, जाणत्याकडून मारून घ्या. आणि वाळवी जमिनीतून भिंतीच्या आतून वर चढते, तेव्हा नळ्या पाडून भागत नाही, ती येते कुठून ते शोधावे लागते.

चौथे काम सुकवण्याचे. माडी आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवून तशीच सोडली. मुलगा कुरकुरला. मामा म्हणाले, "वाफसा आल्याबिगर पेरतोस का?" त्यापुढे मला बोलायला काही उरले नाही.

पाचवे काम सपाटीचे. सुट्या फळ्या स्क्रूने सरांना आवळल्या. खिळा कालांतराने ढिला होतो आणि पाऊल पडले की करकरतो, स्क्रू धरून ठेवतो. वर आलेली खिळ्यांची डोकी आत ठोकली. उंच कडांवर रंधा मारला. मग सहा फुटी सरळ पट्टी सगळीकडे फिरवून पाहिली. पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर ती जागा नीट करायची. विनाईल पातळ असते. खाली ज्वारीचा दाणा राहिला तरी महिन्याभरात वर त्याचा उंचवटा दिसतो, आणि फट असली तर फटीची रेघ उमटते. म्हणून नुसत्या फळ्यांवर ही फरशी कधी चिकटवू नये. मध्ये प्लायवूड हवेच.

सहावे काम प्लायवूडचे. पाण्याला टिकणारे, चांगल्या प्रतीचे घ्यावे. फळ्या सपाट असतील तर सहा मिलिमीटर चालते, आमच्या फळ्या जुन्या म्हणून आम्ही बारा मिलिमीटर घेतले. ते आणि फरशांची खोकी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवली, म्हणजे तिथल्या हवेची सवय होते. तक्ते फळ्यांना आडवे टाकले आणि विटांच्या भिंतीत सांधे चुकवतात तसे सांधे चुकवले. कडेला चार-चार बोटांवर आणि मध्ये वीतभर अंतराच्या आत स्क्रू मारले. दोन तक्त्यांत मिलिमीटरभर आणि भिंतीलगत करंगळीएवढी जागा सोडली. बैलगाडीची चाके उन्हाळ्यात खिळखिळी होत आणि पाण्यात ठेवली की फुगून घट्ट होत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जागा का सोडायची ते सांगायला नको. ती फट शेवटी लाकडी पट्टीने झाकते. स्क्रूची डोकी आणि सांधे लाकडाच्या पुट्टीने भरले, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासले, झाडले, ओल्या नव्हे तर कोरड्या फडक्याने पुसले.

मग कुठे फरशी. गेरूच्या दोरीने खोलीचा मध्य काढला आणि मध्यापासून कडेकडे गेलो, म्हणजे कापलेले तुकडे दोन्ही भिंतींना सारखे येतात. डिंक खोक्यावर लिहिलेला तोच, आणि लिहिली आहे तेवढाच वेळ थांबून. काही डिंकांची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ चूल किंवा बिडी नको. मुलाने वरून जड लाटणे दाबून फिरवले. फरशी लावायला एक दिवस लागला. तिच्या तयारीला महिना गेला.

आणखी दोन गोष्टी. जमिनीला टेकलेल्या लाकडावर किंवा खालच्या मातीच्या जमिनीवर ही फरशी घालू नका, जमिनीची ओल तिच्याखाली कोंडते. माडीवर घालाल तर खालची बाजू उघडी ठेवा. आम्हाला एकाने सुचवले, खालून पांढरे छत मारा, शोभा येईल. मी नको म्हटले. वरून विनाईल आणि खालून छत, मग लाकडाने श्वास घ्यायचा कुठून, आणि सोट्याने ठोकायचे कशाला?

अमेरिका, कॅनडासारख्या देशांत पुष्कळ घरांच्या जमिनी लाकडाच्या असतात आणि तिथेही रीत हीच. आधी कोरडे, मग पक्के, मग सपाट, आणि शेवटी फरशी. आपल्या सुतारमामांना ती रीत कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती.

खर्चाचेही मोकळेपणी सांगतो. फरशीपेक्षा लाकूड, प्लायवूड आणि मजुरी जास्त झाली. तेवढे पैसे एकदम नसतील तर घाई करू नका. शेणाने सारवलेली जमीन ही काही लाजेची गोष्ट नाही. पैसे जमेपर्यंत ती बरी. झाकून टाकलेली सड मात्र बरी नाही, कारण ती थांबत नाही, वाढत राहते, आणि तिच्याखाली आपलीच माणसे झोपलेली असतात.

सूनबाई वैशाखात आली. पाळणा त्याच कडीला टांगला. पण टांगण्याआधी आम्ही बापलेक दोघेही एकामागून एक त्या कडीला लोंबकळलो. आई ओट्यावर बसून हसत होती. मग तिने स्वतः सोट्याने तुळई दोनदा ठोकली, कान देऊन ऐकले आणि म्हणाली, "आता घाला त्याला पाळण्यात."

सोटा आता कोपऱ्यात नाही, दाराशी खुंटीला आहे. दर चैत्रात ठोकायचे काम मी नव्हे, मुलगा करतो. त्याला आवाज ओळखू येऊ लागला आहे.

तुमच्याही घरात जुन्या तुळया असतील. हा अंक खाली ठेवल्यावर एक काठी घ्या आणि भिंतीत शिरलेली टोके ठोकून पाहा. टणटण बोलली तर निर्धास्त झोपा. बद्द बोलली तर फरशी राहू द्या, आधी गावातल्या सुताराला बोलवा.